शब्द आणि त्यामागचा पत्ता

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या वर्गातील मुलांनी या वर्षी शाळेसाठी वेबपाने तयार करावयास घेतली आहेत, असे मला सांगण्यात आले. त्यांना उपयोगी पडेल आणि पालकांनाही समजेल असा एखादा विषय घ्यावा, अशी चालकांची सूचना होती. त्याप्रमाणे मी एक लहानसा विषय घेतला आहे. वेबपानावरच्या मजकुरात दुवा कसा घालावा, एवढाच तो विषय.

लिंक या शब्दाला मराठीत दुवा म्हणतात. आपल्या घरांत दुवा म्हटले की आधी वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद आठवतो. इथला दुवा वेगळा. साखळीच्या दोन कड्यांना जोडणारी जी कडी असते, तो हा दुवा. वेबपानावर काही शब्द निळ्या रंगात, अधोरेखित केलेले दिसतात. त्यांवर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. हे आपण रोज करतो, पण ते घडते कसे आणि त्यात लिहिणाऱ्याची जबाबदारी कोणती, याचा विचार फारसा केला जात नाही.

एका मजकुरातून वाचकाला दुसऱ्या मजकुराकडे पाठविण्याची युक्ती संगणकाच्या आधीपासून चालत आली आहे. जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवीत. पाने सुटी झाली तरी त्या एका शब्दावरून त्यांचा क्रम लावता येई. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नोंदींत मध्येच एक लहान बाण दिसतो आणि बाणापुढे दुसऱ्या नोंदीचे नाव असते. याविषयी अधिक माहिती तिकडे पाहा, असा त्याचा अर्थ. मात्र वाचकाला उठून तो दुसरा खंड कपाटातून काढावा लागतो.

हे उठणे वाचविता येईल का, हा विचार पुढे अनेकांनी केला. अमेरिकेतील व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञांनी १९४५ साली एका लेखात, कागदपत्रांना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. टेड नेल्सन यांनी १९६५ साली अशा जोडलेल्या मजकुराला ‘हायपरटेक्स्ट’ हे नाव दिले. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे भरसभेत, माउस हातात घेऊन, पडद्यावरच्या शब्दावरून दुसऱ्या मजकुरावर जाऊन दाखविले. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये आपली योजना लिहून दिली. आज आपण ज्याला वेब म्हणतो ते त्यातूनच निघाले. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि त्यावर कोणतेही शुल्क ठेवले नाही. आपल्या गावातील मुलाला वेबपान करण्यासाठी आज कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. वेबपान ज्या खुणांनी लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. त्यात दुव्याची खूण ‘ए’ या एका अक्षराची आहे. ते ‘अँकर’ या शब्दाचे आद्याक्षर. दुव्याची रचना अशी असते:

<ए एचरेफ="पत्ता">दिसणारे शब्द</ए>

संगणकावर ‘ए’ आणि ‘एचरेफ’ ही अक्षरे रोमन लिपीतच टाइप करावयाची असतात. कोनी कंस उघडा, ए लिहा, एक जागा सोडा, एचरेफ लिहा, बरोबरचे चिन्ह द्या, अवतरणचिन्हांत पत्ता लिहा आणि कंस बंद करा. मग वाचकाला दिसावयाचे शब्द लिहा. शेवटी तिरपी रेघ घातलेल्या ए ने खूण बंद करा. ही शेवटची खूण राहून गेली तर पुढचा सारा मजकूर दुव्यासारखा निळा होऊन बसतो.

या रचनेत दोन भाग आहेत, हे नीट लक्षात घ्या. एक भाग वाचकाला दिसतो, तो म्हणजे शब्द. दुसरा भाग यंत्र वाचते, तो म्हणजे पत्ता. हे दोन भाग एकमेकांशी जुळतात की नाही, हे यंत्र पाहत नाही. तुम्ही शब्द लिहिलात ‘वसतिगृहाचे नियम’ आणि पत्ता दिलात क्रिकेटच्या सामन्याचा, तर यंत्र निमूटपणे वाचकाला क्रिकेटच्या सामन्यावर नेऊन सोडील. म्हणजे शब्द आणि पत्ता यांचा मेळ राखण्याचे काम संपूर्णपणे लिहिणाऱ्याचे आहे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारांश हाच आहे. दुवा म्हणजे वाचकाला दिलेला शब्द होय. पुढचे सारे नियम त्यातूनच निघतात.

पहिला नियम शब्दांच्या निवडीचा. पुष्कळ पानांवर ‘येथे क्लिक करा’ असा दुवा असतो. कोणी म्हणेल, त्यात वाईट काय? वाचकाला कुठे बोट ठेवायचे ते तर कळते! पण कुठे जाणार ते कळत नाही. आपल्यातील अंध विद्यार्थ्यांचा विचार करा. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली वापरतात. एनव्हीडीए नावाची अशी एक प्रणाली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ साली सुरू केली. ती विनामूल्य मिळते. तिच्यात पानावरच्या सर्व दुव्यांची यादी वेगळी ऐकण्याची सोय आहे. डोळस माणूस पानावरून नजर फिरवितो, तसे हे यादी ऐकणे असते. त्या यादीत ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ असे दहा वेळा ऐकू आले तर त्या मुलाने काय समजावे? दहांपैकी शिष्यवृत्तीचा अर्ज कोणता आणि सहलीची छायाचित्रे कोणती?

म्हणून जागतिक वेब संघाच्या सुगम्यतेच्या नियमांत, दुव्याचा उद्देश त्याच्या शब्दांवरून किंवा निदान लगतच्या मजकुरावरून कळला पाहिजे, असे सांगितलेले आहे. हा नियम सर्वांत पायाभूत पातळीवर ठेवला आहे. तो पाळणे अवघड नाही. ‘शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी येथे क्लिक करा’ असे लिहून ‘येथे’ या शब्दाला दुवा जोडण्याऐवजी ‘अकरावीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज’ एवढ्याच शब्दांना दुवा जोडावा. पान उघडण्याऐवजी फाइल उतरवून घ्यावी लागणार असेल तर तेही लिहावे: ‘अकरावीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, पीडीएफ, २ पाने’. मोबाइलचा डेटा मोजून वापरणाऱ्या घरात हे दोन शब्द मोलाचे असतात. उलट बाजूने, संपूर्ण परिच्छेदच दुवा करून टाकू नये. दोन ते सहा-सात शब्द बहुधा पुरतात.

दुसरा नियम आपल्या भाषेचा. इंग्रजी पुस्तकांतून वेबपाने शिकणाऱ्या मुलांना तो कोणी सांगत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नावाला चिकटतो. ‘पुणे’ हा शब्द वाक्यात ‘पुण्यात’, ‘पुण्याला’, ‘पुण्यातील’ असा होतो. दुवा जोडताना शब्द मध्ये तोडू नये, प्रत्ययासह संपूर्ण शब्द दुव्यात घ्यावा. देवनागरीत जोडाक्षराच्या किंवा काना-मात्रेच्या मध्येच खूण घातली तर अक्षर मोडून दिसण्याचा संभव असतो. मराठी विकिपीडियावर लिहिणारे याच कारणाने चौकटी कंसांत आधी लेखाचे मूळ नाव ‘पुणे’ लिहितात, मग एक उभी रेघ आणि तिच्यापुढे वाक्यात हवे ते ‘पुण्यातील’ हे रूप. वाचकाला रूप दिसते, यंत्राला मूळ नाव मिळते. शब्द आणि पत्ता हे दोन भाग वेगळे असण्याचा हा चांगला उपयोग आहे.

अधोरेखेचेही तसेच. आपल्या लिपीला वर शिरोरेषा असते आणि उकार खाली लोंबतात. खालची रेघ उकारांना चिकटली तर ‘कु’ की ‘कू’ हे ओळखताना वयस्कर माणसाची तारांबळ उडते. पानाच्या सजावटीच्या नियमांत ही रेघ थोडी खाली सरकविण्याची सोय आहे, ती वापरावी. रेघ काढून टाकून केवळ रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. ज्यांना रंगांमधील फरक नीट ओळखता येत नाही त्यांना तो दुवा दिसणारच नाही.

तिसरा नियम पत्त्याचा. घरातल्या माणसाला आपण ‘आतल्या खोलीत आहे’ एवढेच सांगतो. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र घर, गल्ली, तालुका, जिल्हा असा पुरा पत्ता द्यावा लागतो. वेबपानाचेही तसेच. आपल्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या पानाकडे जावयाचे असेल तर फाइलचे नाव किंवा फोल्डर आणि फाइलचे नाव पुरते. दुसऱ्याच्या संकेतस्थळाकडे पाठवावयाचे असेल तर ‘एचटीटीपीएस’पासून संपूर्ण पत्ता लिहावा लागतो. मुले पुष्कळदा आपल्या संगणकावरच्या ड्राइव्हचा पत्ता दुव्यात तसाच ठेवतात. तो दुवा त्यांच्या यंत्रावर चालतो. इतरांच्या यंत्रावर तो उघडत नाही, कारण ती फाइल त्यांच्याकडे नसतेच.

फाइलची नावे शक्यतो लहान, रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत. यात मराठीचा अनादर नाही, सोय आहे. ‘शाळा’ हा शब्द पत्त्यात घातला आणि तो पत्ता नक्कल करून संदेशात चिकटविला की पुष्कळदा त्याच्या जागी टक्क्यांची चिन्हे, आकडे आणि अक्षरे यांची रांग उमटते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हामागे नऊ याप्रमाणे या एका लहान शब्दाची ३६ चिन्हे होतात. असा पत्ता कोणी फोनवर सांगू शकत नाही की फळ्यावर लिहू शकत नाही. शिवाय पुष्कळ सर्व्हरवर रोमन मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. घरी चालणारा दुवा तिथे चालत नाही, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. मराठी लिहावयाची ती वाचकाला दिसणाऱ्या शब्दांत, आणि ती पूर्ण आणि शुद्ध लिहावी.

पत्त्यांचे आणखी दोन प्रकार पालकांच्या सोयीचे आहेत. पान लांबलचक असेल तर त्यातील विशिष्ट जागेला नाव देऊन, पत्त्याच्या शेवटी जाळीसारखे चिन्ह आणि ते नाव लिहिता येते. वाचक थेट त्या जागेवर उतरतो. प्रवेशाच्या साठ ओळींच्या सूचनांतून ‘लागणारी कागदपत्रे’ शोधण्याचा त्रास वाचतो. दुसरा प्रकार दूरध्वनीचा. कार्यालयाच्या क्रमांकाला ‘टेल’ या खुणेने दुवा केला की मोबाइलवर त्याला स्पर्श करताच तो क्रमांक लावण्याची तयारी होते. ज्या आईला वाचण्यापेक्षा बोलणे सोपे वाटते तिच्यासाठी हा दुवा साऱ्या पानापेक्षा उपयोगी ठरतो.

चौथा नियम देखभालीचा. इकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दुवा घातला म्हणजे काम संपले, असे नाही. समोरचे पान हलले किंवा काढून टाकले की वाचकाला ‘४०४’ हा आकडा दिसतो. मागितलेले पान सापडले नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडेनाशी झाल्याचे आढळले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच लिहून ठेवले होते की चांगले पत्ते बदलत नसतात, बदलतात ती माणसे. पत्ता बदलणे भागच पडले तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळविण्याची व्यवस्था करावी. घर बदलताना टपाल कार्यालयात नवा पत्ता कळवून ठेवतो, तसेच हे आहे.

पण मेलेल्या दुव्यापेक्षाही घातक असा एक प्रकार आहे. दुवा चालतो, पान उघडते, पण शब्द खोटे झालेले असतात. आपल्या समाजाला लागू पडणारे उदाहरण देतो. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप ही संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची योजना होती. ती २०२२-२३ पासून बंद करण्यात आल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही त्याच वर्षापासून पहिली ते आठवीच्या मुलांना बंद झाली आणि नववी-दहावीपुरती उरली. आता एखाद्या पानावर ‘फेलोशिपसाठी अर्ज करा’ हे शब्द तसेच राहिले असतील तर काय होईल? सरकारी संकेतस्थळ उघडेल. ४०४ दिसणार नाही. तुटलेले दुवे शोधणाऱ्या प्रणालीलाही त्यात काही चूक सापडणार नाही. मात्र एखादी मुलगी त्या शब्दांच्या भरवशावर पुढच्या वर्षाचा हिशेब मांडून बसेल. यंत्र पत्ता तपासू शकते. दुव्याचे शब्द आजही खरे आहेत की नाहीत, हे माणसानेच तपासावयाचे असते.

यासाठी माझी सूचना साधी आहे. शाळेच्या पानांवरील दुव्यांची एक वही करावी. त्यात दुव्याचे शब्द, पत्ता, तो कोणी घातला आणि शेवटचा केव्हा तपासला, एवढे चार रकाने पुरेत. प्रत्येक सत्राच्या आरंभी दोन विद्यार्थ्यांनी ती वही घेऊन बसावे आणि प्रत्येक दुवा उघडून पाहावा. बंद झालेल्या योजनेचा दुवा गुपचूप काढून टाकू नये. ‘ही योजना अमुक वर्षापासून बंद आहे’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे जुन्या माहितीवर विसंबून आलेल्याचा घोटाळा होणार नाही. अर्जाची तारीख दुव्याच्या शेजारीच, वर्षासह लिहावी. ‘शेवटची तारीख ३१ ऑगस्ट’ हे वाक्य पुढच्या वर्षीही खरेच वाटते, हे ध्यानात ठेवा.

आता पालकांसाठी थोडे. दिसणारे शब्द आणि आतला पत्ता यांचा मेळ यंत्र पाहत नाही, असे मी म्हणालो. फसवणूक करणारा माणूस याच गोष्टीचा फायदा घेतो. ‘आपल्या पाल्याची शिष्यवृत्ती मंजूर झाली, बँकेची माहिती भरा’ असा संदेश मोबाइलवर येतो. शब्द सरकारी, पत्ता भलत्याचाच. म्हणून दुवा उघडण्यापूर्वी त्याचा पत्ता वाचण्याची सवय लावून घ्या. संगणकावर माउसचा बाण दुव्यावर नुसता धरला की बहुधा पडद्याच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. मोबाइलवर दुव्यावर बोट थोडा वेळ दाबून धरले की बहुतेक ठिकाणी पत्ता पुढे येतो.

तो वाचावयाचा कसा? टपालाच्या पत्त्यात शेवटी तालुका आणि जिल्हा येतो आणि त्यावरून गाव ठरते. इथेही नावाच्या शेवटाकडे पाहावे. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतरची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. त्या रेघेच्या लगेच आधी जे नाव असेल ते खरे घर. समजा पत्त्यात आधी ‘शिष्यवृत्ती-गव्ह-इन’ असे लिहिले आहे आणि रेघेच्या आधी शेवटी ‘अमुक डॉट कॉम’ आहे. तर ते घर अमुकचे आहे, सरकारचे नव्हे. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट भारतातील सरकारी संस्थांनाच मिळतो. ‘एचटीटीपीएस’ दिसले म्हणजे माणूस प्रामाणिक, असेही समजू नका. वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही, एवढीच ती हमी. समोरच्या घरात कोण बसला आहे, याची ती हमी नव्हे. आणि एवढे करूनही पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबविता येण्याची शक्यता अधिक.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुम्हाला एक लहानसा अभ्यास देतो. पान तयार झाले की ते लगेच प्रसिद्ध करू नका. वर्गातल्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला समोर बसवा. बाकीचा मजकूर झाकून ठेवा आणि फक्त दुव्यांचे शब्द एकामागून एक मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक शब्दावर त्याने किंवा तिने सांगावे की हा दुवा उघडला तर काय मिळेल. उत्तर बरोबर आले तर दुवा ठीक आहे. उत्तर आले नाही, किंवा चुकीचे आले, तर शब्द बदला. मग प्रत्येक दुवा उघडून पाहा आणि जे सांगितले तेच समोर येते की नाही याची खात्री करा. एका पानाला यासाठी दहा मिनिटे लागतील.

तुमचे पान कोण वाचणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे. रात्री दुकान बंद करून आलेले कोणाचे अब्बा ते वाचतील. आखातातून सुट्टीवर आलेला कोणाचा भाऊ बहिणीच्या प्रवेशाची माहिती त्यावर शोधील. घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी एखादी मुलगी, विचारायला कोणी नाही म्हणून, तुमच्या निळ्या शब्दांवर विश्वास ठेवील. अशा माणसाला योग्य दारापाशी नेऊन पोहोचविणे हे काही लहान काम नव्हे.